गाळलेलं तेल

धुकं उतरलं की चिमटीला बरं वाटायचं. बाकीच्या बायका गोदामाच्या दारात शाली आवळत सरकारला, मालकाला आणि आपापल्या नवऱ्यांना शिव्या घालत उभ्या असायच्या. ही मात्र नाक वर करून हवा हुंगायची. हवेत ओल असली की पाला मऊ पडतो, बोटांत नीट येतो. कोरड्या दिवसांत तोच पाला हात लावायच्या आत चुरतो, आणि त्या चुऱ्यात कळीचा कण मिसळला की तो कायद्याच्या बापालाही सापडायचा नाही. चिमटीला सापडायचा. पण संध्याकाळपर्यंत डोळ्यांचे निखारे व्हायचे.

दार उघडलं की आधी दिवे, मग पोती. पत्रा ठोकलेल्या लांब टेबलावर पोतं उपडं करायचं, ढीग पसरायचा आणि बसायचं वेचत. पान डावीकडे. कळी उजवीकडे, कुलूपबंद डब्याच्या झाकणाला पाडलेल्या भोकातून आत. काडी खाली टोपलीत. वेचता वेचता बोटांना डिंक चिकटतो, काळा, चिवट. तो समोरच्या फडक्याला पुसायचा, आणि संध्याकाळी ते फडकंसुद्धा मोजून परत द्यायचं. जाताना मुकादम प्रत्येकीचे तळवे दिव्याखाली धरून बघायचा, ज्योतिष्यासारखा. "भविष्य सांगा की हो," असं कोणीतरी रोज म्हणायचं, आणि मुकादम रोज म्हणायचा, "डिंक सापडला तर सांगतो."

गोदाम परवान्याचं होतं. राज्याच्या कायद्यानं या एका झाडाची तीन खाती केली होती. पाला म्हणजे भांग. ती सरकारमान्य दुकानात शिक्का मारलेल्या पुडीत मिळायची, पावतीसकट. कळी म्हणजे गांजा. तो सापडला की पोलीस. आणि डिंक म्हणजे चरस. तो नखाएवढा असला तरी वकिलाचा चेहरा उतरायचा. नव्या आलेल्या बाईला चिमटी हे सगळं एका दमात शिकवायची.

"हे पान. हे सरकारचं. दुकानातून आण, वाट, डोक्याला थाप, कोणी विचारत नाही. ही कळी. ही पोलिसाची. आणि हा बोटाला लागलाय ना, हा तुरुंगाचा."

"पण मावशी, झाड तर एकच ना?"

"एका आईची लेकरं नसतात का? एक मास्तर होतो, दुसऱ्याला धरून नेतात. आईला काय विचारतंय कोण. वेच."

चिमटी हे नाव तिला दोन बोटांमुळे पडलं होतं. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, त्यांची टोकं इतकी झिजली होती की ठसा उमटत नसे, पण त्या दोन टोकांत पान आणि कळी डोळे मिटून वेगळी कळायची. नाव पडायला तिची जीभही कारण होती, असं टेबलावर तिच्यासमोर बसणारी ठेंगणी म्हणायची. ठेंगणीचे पाय जमिनीला टेकत नसत, म्हणून ती पाटावर पाय ठेवून बसायची. चिमटी तिला म्हणायची, "तू उभी राहिलीस की बसलीस, हे कळायला पाटी लावून घे गळ्यात." ठेंगणी म्हणायची, "आणि तू हसलीस की रडलीस, त्याची तू लाव." दोघींची सव्वीस वर्षांची संगत होती.

सव्वीस वर्षांत चिमटीच्या ढिगात कधी कळी सापडली नाही, आणि डब्यात कधी पान गेलं नाही. म्हणून जप्तीचा माल तिच्यापुढे यायला लागला. सरकारी प्रयोगशाळा लांब, तिचा अहवाल यायला वर्ष जायचं, तोवर आरोपी आत कुजायचा नाहीतर बाहेर पळायचा. म्हणून राज्यानं सोय केली होती: परवान्याच्या गोदामातल्या जुन्या, अबकारी खात्याचं कार्ड मिळालेल्या निवडणारीनं माल वेचून बघायचा आणि दाखला द्यायचा. पान किती, कळी किती, डिंक आहे का. कोर्टात तो दाखला चालायचा. दर मंगळवारी खात्याचे साहेब पिशव्या घेऊन यायचे. पिशवीवर फक्त नंबर. माल कोणाचा हे विचारायचं नाही, माल काय आहे ते बघायचं. चिमटीला हे फार आवडायचं. इस्त्रीची साडी ती मंगळवारीच नेसायची.

एकदा एका ट्रक चालवणाऱ्याची पिशवी आली होती. ठेंगणीनं वेचली, म्हणाली पानच आहे सगळं. चिमटीनं पुन्हा वेचली आणि तळाच्या चुऱ्यातून तीन कळ्या काढल्या, हरभऱ्याएवढ्या. कायदा असा की नुसतं पान असेल तर ते पान, पण पानात कळी निघाली तर सगळं वजन कळीच्या नावावर. तीन हरभऱ्यांपायी तो माणूस पाच वर्षं आत गेला. त्याची बायको आठवडाभर गोदामाच्या फाटकाशी येऊन उभी राहायची. बोलायची नाही, नुसती प्रत्येकीच्या हातांकडे बघायची.

"तुझ्याही नजरेला नसत्या पडल्या तर?" ठेंगणी म्हणाली होती.

"तुझ्या नजरेला पडल्याच नाहीत," चिमटी म्हणाली, आणि चहा ओतून घेतला.

घरी दोघीच होत्या, ती आणि तिची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा चिमटी सतरा वर्षांची होती, धाकटी नऊची. चिमटीचं लग्न झालं, नवरा दोन वर्षांनी कामाला म्हणून गेला तो गेलाच. धाकटीचंही झालं, तिचा खोकून खोकून मेला. मग पुन्हा दोघी एकाच छपराखाली, दोन खोल्या, एक मोरी, एक खिडकी, आणि दिवसभराची कुरकुर. धाकटी मोठ्या हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीत होती. वीस वर्षं ओल्या चादरी पिळून तिची बोटं आता झाडाच्या मुळ्यांसारखी वाकडी झाली होती. सकाळी तिला पोलक्याची बटणं लागत नसत. चिमटी लावून द्यायची, आणि लावताना बोलायची.

"चव्वेचाळीस वर्षांची घोडी. अजून बटणं मीच लावायची."

"नको लावू. जाते तशीच."

"जा. लॉन्ड्रीवाल्याला तेवढीच करमणूक."

त्या बोटांसाठी चिमटी तेल करायची. सरकारी दुकानातून पाल्याची पुडी, पावती जपून फळीवरच्या डब्यात. पाला गोड्या तेलात मंद आचेवर तीन तास, तेल हिरवंगार होईपर्यंत. मग पाल्यासकट बरणीत. संध्याकाळी धाकटी हात पुढे करायची आणि चिमटी एकेक बोट चोळायची. तेवढा अर्धा तास दोघी भांडत नसत. नऊ वर्षं हे तेल घरात होतं, आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असं दोघींच्या मनातही कधी आलं नव्हतं. पान होतं. पान सरकारचं.

हिवाळा लागला आणि धाकटीची बोटं दुपारीच आखडायला लागली. ती तेल कामावर न्यायला लागली. तिथं नवी भानगड निघाली.

"ताई, पाल्याचे कण चादरींना लागतात. हिरवे डाग पडतात. काल लॉन्ड्रीवाला म्हणाला, पुन्हा डाग दिसला तर घरी बस."

"हात पुसायला काय होतं?"

"पुसते गं. नखात राहतात. बिनकणांचं करता येत नाही का?"

हे चिमटीला विचारायचं म्हणजे मासोळीला पोहता येतं का विचारण्यासारखं. तिनं रविवारी जुनी मऊ साडी फाडली आणि तेल गाळलं. एकदा गाळलं, उजेडात धरलं, तळाशी धूळ दिसली. साडी दुपदरी करून पुन्हा गाळलं. मग चौपदरी करून पुन्हा. तिसऱ्या वेळी बाटली खिडकीत ठेवली तेव्हा पलीकडच्या भिंतीवरची वीटन् वीट तेलातून दिसत होती. निथळलेला पाला तिनं चुलीत टाकला. "घे," ती धाकटीला म्हणाली. "आता यात पान शोधून दाखव म्हणावं कोणीही."

पंधरा दिवसांनी, शनिवारी दुपारी, लॉन्ड्रीत झडती झाली. हॉटेलातले टॉवेल चोरीला जात होते म्हणून लॉन्ड्रीवाल्यानंच पोलिसांना बोलावलं होतं. टॉवेल मिळाले नाहीत. धाकटीच्या पिशवीत बाटली मिळाली, वासावरून हवालदारानं काय ते ओळखलं, आणि काहीतरी सापडलंय म्हटल्यावर सगळ्यांनाच हायसं वाटलं.

चिमटी पावती घेऊन चौकीत गेली ती चढ्या आवाजातच.

"पाला आहे हो तो! सरकारी दुकानाचा! हा घ्या शिक्का. वाचता येतो ना?"

हवालदारानं पावती उलटीसुलटी करून पाहिली. "पावती पानाची आहे, बाई. बाटलीत पान दाखवा."

"त्यातच आहे की. हिरवं दिसत नाही?"

"हिरवं तर माझं स्वेटरपण आहे. मंगळवारी खात्याकडं जाईल, तिथली माणसं बघून सांगतील."

तिथली माणसं म्हणजे कोण, हे चिमटीनं त्याला सांगितलं नाही. तिला उलट हसू आलं. गजांपलीकडे धाकटी बाकावर बसली होती, हात काखेत घालून. चिमटीनं जाता जाता तिला हळूच म्हटलं, "मंगळवारी सुटतेस. तोवर काही खा. तोंड बघ कसं केलंयस."

"ताई," धाकटी आणखी हळू म्हणाली, "मी सांगितलंय मीच केलं म्हणून. तुझं कार्ड आहे. उगाच तुझ्यामागं नको."

"बरं केलंस," चिमटी म्हणाली. म्हणजे तिला तेव्हा ते तसंच वाटलं, बरं केलंस. बटण लावून घेतलं म्हटल्यासारखं.

सोमवारी वेचता वेचता तिनं मुकादमाला सहज विचारलं, तेलबिल आलं टेबलावर तर कुठल्या खान्यात लिहायचं? तिच्यापुढे सव्वीस वर्षांत तेल कधी आलं नव्हतं. मुकादमानं खिळ्याला टांगलेलं कायद्याचं पुस्तक काढलं, धूळ झटकली, चष्मा नाकावर सरकवला.

"तेल... तेल... हां. अंगात पान असलेली बनावट ती पानात धरावी. पान काढून टाकलेली बनावट तो अर्क. अर्क डिंकाच्या खान्यात." त्यानं पान उलटलं. "वजन, भांड्यातल्या सगळ्या पातळासकट."

"सगळ्या पातळासकट म्हणजे?"

"म्हणजे बादलीभर तेलात चमचाभर उतरलं असलं तरी बादलीभर अर्क. मजाच आहे."

"आणि पान तसंच ठेवलं असतं तर?"

"तर पान. चौकीत जाऊन पावती दाखवायची, थोडा दंड, बाटली परत." त्यानं पुढं वाचलं, कारण वाचायला लागला की त्याला थांबता येत नसे. "बनवणारा कार्डवाला असेल तर शिक्षा दुप्पट. ऐका गं सगळ्या! घरी तेलं काढू नका!"

बायका हसल्या. ठेंगणी म्हणाली, "माझ्या नवऱ्याला पिळला तरी थेंब निघायचा नाही, मी कशाचं तेल काढू?" चिमटीही हसली. तिच्या समोरचा ढीग दुपारपर्यंत तेवढाच राहिला, आणि ते फक्त ठेंगणीच्या लक्षात आलं.

मंगळवारी धुकं इतकं होतं की फाटकावरचा दिवा दहा पावलांवरून दिसत नव्हता. पाला कसा मऊ, लोण्यासारखा. साहेब उशिरा आले. वयानं लहान, बोलायला गोड. सगळ्या बायकांना मावशी म्हणायचे. दोन पिशव्या काढल्या, तिसरी काढली, आणि मग कागदात गुंडाळलेली बाटली टेबलावर ठेवली. गळ्याला सुतळी, सुतळीला लाख, लाखेवर मोहोर, नंबराची चिठ्ठी.

"हे तुमच्यासाठी नवीन, मावशी. तेल आहे. वजन झालंय, नऊशे चाळीस ग्रॅम. तुम्ही फक्त बघायचं, आत पान आहे की नाही. लॉन्ड्रीतली बाई आहे कोणी. म्हणते स्वतःच केलं."

"स्वतःच?"

"हो. हुशार आहे. आम्हाला वाटलं होतं मागे कोणी जाणकार असेल, परवान्यातलं. ती काही कबूल होत नाही. रडतही नाही." त्यांनी मोहोर फोडली. "चला, करा सुरू."

चिमटीनं पांढरं ताट घेतलं, त्यावर पांढरं फडकं ताणलं आणि बाटली कलती केली. तेल सावकाश उतरू लागलं. तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. ते खिडकीशी गेले आणि पाठमोरे उभे राहून बोलू लागले. मुलाच्या शाळेतल्या प्रवेशाचं काहीतरी होतं. मुकादम बाहेर पोती उतरवून घेत होता. ठेंगणीनं मान खाली घातली होती. ती इतकी खाली घातली होती की तिला सगळं कळलंय, हे चिमटीला कळलं. बाटलीच्या झाकणाचा रंग, साहेबांच्या तोंडून आलेली लॉन्ड्री, नऊ वर्षांच्या त्या तेलाचा वास. ठेंगणीच्याही खांद्याला ते तेल कधीतरी लागलेलं होतं.

ठेंगणी मान वर न करता म्हणाली, "माझी पापणी फडफडतेय बाई. मला काही दिसत नाही आज."

डाव्या कोपराशी निवडलेल्या पानांचा ढीग होता. मऊ, ओला, सरकारचा. एक चिमूट पुरे होती. फडक्यावर पाच-सात तुकडे दिसले असते की बाटली दुसऱ्या खान्यात, धाकटी संध्याकाळी घरी. चिमटीनं चिमूट उचलली. दोन झिजक्या टोकांत पान धरलं, हात ताटावर आणला. साहेब फोनवर म्हणत होते, "नाही नाही, डोनेशन नको म्हणा, ओळख आहे आपली." तेल ठिबकत होतं.

मग तिला काय झालं? पुढे तिनं स्वतःला पुष्कळ कारणं सांगितली. सव्वीस वर्षांत ढिगातलं पान कधी हलवलं नाही म्हणाली. तो ट्रकवाला आठवला म्हणाली, त्याच्या बायकोची नजर आठवली म्हणाली. ती सगळी मागाहून शिवलेली ठिगळं होती. त्या घटकेला तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती, आणि ती अशी की साहेबांनी आत्ता वळून पाहिलं तर आत मी जाईन, आणि दुपटीनं जाईन. बस्स. तिनं हात मागे घेतला आणि पान ढिगात ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं.

साहेबांनी फोन खिशात घातला. "काय म्हणतंय तेल?"

"पान नाही."

"एकही कण नाही?"

आणि इथं चिमटीच्या तोंडातून ते गेलं. भीतीनं गेलं म्हणावं तर भीतीची वेळ टळली होती. तेल सुरेख दिसत होतं, काचेसारखं, आणि विचारणारा तिच्या कामाबद्दल विचारत होता.

"तीनदा गाळलंय साहेब. कसा राहील?"

ठेंगणीची बोटं थांबली. साहेबांनी भुवया वर केल्या. "तीनदा? हे कसं कळलं?"

"रंगावरून," चिमटी म्हणाली. "एकदा गाळलं तर गढूळ राहतं. दोनदा गाळलं तर तळाला धूळ बसते. हे... हे तीनदाचं आहे."

"वा!" साहेब मनापासून म्हणाले. "मी हेच शोधत होतो. एकदा गाळलं तर माणूस म्हणू शकतो, घरगुती होतं, चुकून झालं. तीनदा म्हणजे मुद्दाम अर्क काढला. हेतू आला त्यात." त्यांनी दाखल्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: पान नाही, तीन वेळा गाळलेलं. मग कागद तिच्यापुढे सरकवला, खाली कुठं सही करायची तिथं बोट ठेवलं. चिमटीनं तेलकट हात पदराला पुसले, पेन धरलं आणि सही केली. शाई नीट उमटावी म्हणून शेवटच्या अक्षरावरून पुन्हा फिरवली.

त्या संध्याकाळी मुकादमानं तिचे तळवे पाहिले आणि म्हणाला, "स्वच्छ."

कोर्टात फार वेळ लागला नाही. ठेंगणी बोलत नव्हती, पण चिमटीबरोबर आली होती. दोघी मागच्या बाकावर बसल्या. न्यायाधीशबाईंना सर्दी झाली होती. त्या दर वाक्याला रुमाल नाकाशी नेत होत्या. दाखला वाचला. नुसत्या वजनाला तीन वर्षं होती, हेतूची चार आणखी. सात. धाकटीनं वळून मागे पाहिलं नाही. ती समोरच्या टेबलावर पडलेल्या दाखल्याकडे बघत होती, वाचता येईल इतक्या जवळून.

निकालानंतर कोणीतरी साहेबांना सांगितलं, ती बाई निवडणारीची सख्खी बहीण. साहेब दुसऱ्या दिवशी गोदामात आले, मंगळवार नसताना. मालकाला बोलावलं, सगळ्या बायकांना उभं केलं.

"सख्खी बहीण, मावशी! आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत. खोट्याचा एक कण मिसळला नाहीत. मी वर कळवतोय. अशी माणसं आहेत म्हणून कायदा चालतो."

मालकानं टाळ्या वाजवल्या म्हणून बायकांनीही वाजवल्या. मालकानं भिंतीवरचं घड्याळ काढून तिला दिलं, कारण ऐनवेळी दुसरं काही हाताशी नव्हतं. चिमटी ते छातीशी धरून उभी राहिली. ते तिच्या पोटावर टिकटिकत होतं. ठेंगणीनं पाट उचलला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. मग सगळ्यांना वेळ बघायची पंचाईत होऊ लागली, म्हणून चार दिवसांनी मुकादमानं घड्याळ परत मागून नेलं.

भेटीची परवानगी महिन्यानं मिळाली. जाळीच्या अलीकडे एक बाक, पलीकडे एक बाक. धाकटी आली, बसली, हात मांडीवर ठेवले. करडा सदरा होता, त्याला बटणं नव्हती, नाड्या होत्या. नाड्या सुटलेल्या होत्या.

"खातेस का नीट?" चिमटीनं विचारलं.

"खाते."

"काम काय दिलंय?"

"अर्जावर मागचा धंदा लिहायचा होता. लॉन्ड्री लिहिलं." धाकटीनं हात उचलून दाखवले. बोटं सुजून एकमेकींवर चढली होती. "चादरीच आहेत. हॉटेलातल्यापेक्षा जाड."

"डॉक्टरला सांग."

"सांगितलं. तो म्हणाला, कशानं बरं वाटायचं? मी सांगितलं तेलानं. तो हसला."

पहारेकरीण भिंतीला टेकून नखं कुरतडत होती. चिमटीनं पिशवी पुढं केली. आतले साबण आणि टॉवेल आधीच तपासून अर्धे काढून घेतले होते. धाकटीनं पिशवीकडे पाहिलं नाही.

"सही तुझी होती."

चिमटीनं पिशवीचे बंद पुन्हा बांधले.

"तुझी सही मी ओळखणार नाही? प्रगतिपुस्तकावर आईच्या जागी तूच करायचीस. शेवटचं अक्षर दोनदा."

"मी नसती केली तर ठेंगणीनं केली असती. दुसऱ्या कोणीतरी केली असती. पान नव्हतंच त्यात. मी तरी काय करू?"

"ते मी म्हणतच नाही. पान नव्हतं, तू नाही म्हणालीस. तुझं कार्ड होतं, दुप्पट झाली असती, मला कळतं. मीच तर म्हणाले होते, मीच केलं म्हणून." धाकटी जाळीजवळ आली. आवाज चढला नव्हता. लहानपणी गणित सुटलं नाही की ती असंच विचारायची. "पण तीनदा हे कशाला सांगितलंस, ताई? ते कोणी विचारलं होतं?"

"तोंडातून गेलं."

"चार वर्षं आहेत ती. तोंडातून गेलेली."

"मग तूच ना," चिमटीचा आवाज एकदम फाटला, "तूच आलीस ना कण लागतात, कण लागतात करत! नऊ वर्षं चांगलं चाललं होतं! हात पुसता येत नव्हते तुला? एवढी चादरींची काळजी! राहिला असता पाला तर काय मेली असतीस?"

पहारेकरीण भिंतीपासून सुटली. "ए, हळू."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, जुनं, घरातलं, भांडणात जिंकल्यावर यायचं ते.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "बिनकणांचं मागितलं. तुझ्याकडं." आणि उठली. नाड्यांची टोकं तिनं दोन्ही मनगटांत धरून कशीबशी एकमेकांवर ओढली, आणि वेळ संपायच्या आधीच आत निघून गेली. पिशवी बाकावर राहिली. पहारेकरीण म्हणाली, परत न्यायची असेल तर पुन्हा तपासावी लागेल. चिमटी म्हणाली, राहू दे.

बस मिळायला तास गेला. उतरली तेव्हा ऊन कलत होतं आणि चाळीच्या खाली नळाला पाणी आलं होतं. बायकांची रांग लागली होती, भांड्यांचा खणखणाट चालला होता. तिला येताना पाहून आवाज जरा कमी झाला. कोणी "कशी आहे?" विचारलं नाही, पण एकीनं आपली घागर पायानं बाजूला केली आणि मधे जागा झाली.

"तुमचा नंबर गेला होता," ती बाई म्हणाली. "पण भरा. पाणी जायला आलंय."

चिमटी वर गेली, चप्पल काढली, दोन बादल्या आणि कळशी घेऊन खाली आली. दोघींना मिळून दोन बादल्या लागायच्या, एक पुरली असती. पण हाताला दोनच आल्या होत्या. पहिली नळाखाली सरकवली. पाण्याची धार बारीक झाली होती आणि मधेच हवा यायची, तेव्हा नळ खाकरायचा. मागची बाई म्हणाली, "तोटीला फडकं बांधा, नाहीतर सगळं अंगावर उडतं." चिमटीनं दांडीवरचं ओलं फडकं घेतलं, तोटीला गुंडाळलं, गाठ मारली, आणि बादली भरत आली तशी दुसरी पायानं पुढं ओढली.